बारा पायऱ्या: 'माझं मी बघतो' म्हणणाऱ्यांसाठी देवावर विसंबायचा वर्ग

"देवावर भार टाका" हा सल्ला फुकट मिळतो आणि फुकटच जातो. भार म्हणजे नेमकं काय, तो टाकायचा कसा आणि सकाळी उठल्यावर तो परत आपल्याच डोक्यावर बसलेला दिसला तर करायचं काय, हे कृतीसकट सांगणाऱ्या व्यवस्था फार थोड्या आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हिच्या बारा पायऱ्या ही त्यातली एक. मूळ गिऱ्हाईक अर्थात दारू सुटत नसलेला माणूस. पण हे परीक्षण दारूपुरतं नाही. स्वतःच्या हिमतीवर जगणं हाच सगळ्यात मोठा गुण मानणाऱ्या माणसाला ही सेवा ईश्वरावर विसंबायला शिकवते का, एवढंच इथे तपासलं आहे. शिकवते, आणि बरीच चांगली शिकवते. फक्त जिच्यामुळे हा कार्यक्रम प्रसिद्ध आहे त्या तिसऱ्या पायरीवर ते शिक्षण होत नाही.

हा कार्यक्रम 'आपला हात जगन्नाथ' हेच ब्रीद असलेल्या माणसांतून निघाला. विल्यम विल्सन न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला, रॉबर्ट स्मिथ ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा शल्यचिकित्सक. दोघंही हुशार, दोघांच्याही इच्छाशक्तीने दारूपुढे हात टेकलेले. 1935 च्या मे महिन्यात अ‍ॅक्रनमध्ये विल्सनचा एक व्यवहार फसला. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार आणि दुसऱ्या टोकाला फोन, अशी ती प्रसिद्ध संध्याकाळ. प्रार्थना करत खोलीत बसून राहण्याऐवजी, आपण पुन्हा पिऊ नये म्हणून, त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली आणि बोलायला एखादा दारुडा मिळेल का, अशी चौकशी केली. त्यातून स्मिथ भेटला. 10 जून 1935 हा स्थापनेचा दिवस मानला जातो. पुढच्या सगळ्या रचनेचं बीज त्या फोनमध्ये आहे: देवावर विसंबायचं, पण विसंबण्याची पहिली हालचाल माणसाकडे.

सेवेचं बाह्यरूप साधं आहे. मीटिंग 60 किंवा 90 मिनिटांची. नावनोंदणी नाही, फी नाही, शिक्षक नाही. सदस्य व्हायला एकच अट, पिणं थांबवायची इच्छा. 'बंद' मीटिंग फक्त अशी इच्छा असलेल्यांसाठी असते, 'खुल्या' मीटिंगला कोणीही बसू शकतं. नुसतं बघायचं असेल तर खुली निवडावी. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, उलटप्रश्न करत नाही. चर्चेची सवय असलेल्याला हे सुरुवातीला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. पण हा नियम मोलाचा आहे. समोरचा दुरुस्ती करणार नाही हे कळल्यावरच माणूस स्वतःची दुबळी बाजू उघडी करतो. शेवटी टोपली फिरते. तिच्यात फक्त सदस्यांनी पैसे टाकायचे, बाहेरच्या देणग्या संघटना घेत नाही. देवावर विसंबायला सांगणारी संस्था पैशाच्या बाबतीत मात्र कट्टर स्वावलंबी आहे, आणि यात विसंगती काही नाही. काय सोपवायचं आणि काय स्वतः करायचं, याची रेघ तिथे दिसते.

आता पायऱ्या. पहिली सांगते की यापुढे माझं काही चालत नाही. दुसरी सांगते की माझ्याहून मोठी शक्ती मला ताळ्यावर आणू शकेल. तिसरीत आपली इच्छा आणि आयुष्य 'आम्हाला जसा उमगला तशा' ईश्वराच्या हाती सोपवायचा निर्णय घ्यायचा. हे शेपूट सहज आलेलं नाही. 1939 मध्ये छापलेला मजकूर तयार होताना नास्तिक आणि संशयी सदस्यांनी हट्ट धरला म्हणून ते जोडलं गेलं. त्याच ओढाताणीत दुसऱ्या पायरीतला 'ईश्वर' जाऊन 'आपल्याहून मोठी शक्ती' आली आणि सातव्या पायरीतलं 'गुडघे टेकून' हे शब्द वगळले गेले. व्यवहारात याचा अर्थ असा, की सुरुवातीला समोरचा गट हीच 'मोठी शक्ती' मानली तरी चालतं. तो गट निदान एक गोष्ट करून दाखवतोय, जी तुम्हाला एकट्याला जमत नव्हती. भक्तीत मुरलेल्यांना ही सवलत पातळ वाटेल. पण देवाचं नाव काढताच ज्याच्या पाठीचा कणा ताठ होतो, त्याला आत यायला हेच दार आहे.

गंमत अशी की भाविक माणसालाच ही पायरी जास्त अवघड जाते. त्याचा देव आधीच ठरलेला असतो, त्याच्याशी देवाणघेवाणीचे जुने हिशेबही असतात: मी इतकं केलं, आता तू तेवढं कर. विसंबण्याच्या नावाखाली तो देवाला कामाला लावत असतो. संशयी माणसाकडे हे खातंच नसतं, त्यामुळे त्याची पाटी कोरी.

तिसऱ्या पायरीतला सर्वांत दुर्लक्षित शब्द म्हणजे 'निर्णय'. एएच्या मीटिंगांमध्ये एक जुनं कोडं ऐकू येतं: ओंडक्यावर तीन बेडूक बसलेत, एकाने उडी मारायचा निर्णय घेतला, किती उरले? तीन. निर्णयाची प्रार्थना म्हणून झाली की बऱ्याच जणांना हलकं वाटतं, डोळे भरून येतात, आणि ते तिथेच थांबतात. हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. चार-सहा आठवड्यांत हलकेपणा ओसरतो आणि माणूस म्हणतो, सोपवून बघितलं, काही झालं नाही. झालं नाही कारण सोपवलं काय हे त्यालाच ठाऊक नव्हतं. 'माझं आयुष्य' ही फार ढोबळ वस्तू आहे, ती उचलून कोणाच्या हाती देता येत नाही.

तिचे तुकडे चौथी पायरी पाडते, आणि खरा कार्यक्रम इथे सुरू होतो. ही स्वतःची लेखी झाडाझडती. 'लेखी' यावर तडजोड नाही, मनातल्या मनात केलेली उजळणी आपल्याला हवी तिथे वळते. पद्धत हिशेबाच्या वहीसारखी आहे. पानावर उभे रकाने आखायचे. पहिल्यात ज्याच्याबद्दल मनात अढी आहे त्याचं नाव: माणूस, संस्था, तत्त्व, काहीही, देवसुद्धा चालतो, आणि कित्येकांच्या यादीत तो असतोच. दुसऱ्यात कारण, एका ओळीत. तिसऱ्यात माझं काय दुखावलं: मान, पैसा, सुरक्षितता, नातं. आधी हे तीन रकाने वरून खाली पूर्ण भरायचे, एकेक नाव आडवं सोडवत बसायचं नाही. मग चौथा रकाना: यात माझा वाटा काय. समोरच्याची चूक इथे लिहायची नाही, ती दुसऱ्या रकान्यात येऊन गेली आहे. अढी संपली की भीतीची यादी. मग लैंगिक वागणुकीत कोणाला दुखावलं त्याची.

समजा पहिल्या रकान्यात एक सहकारी आहे, कारण 'माझ्या कामाचं श्रेय घेतलं', दुखावला मान. चौथ्या रकान्यात प्रामाणिकपणे उतरतं ते असं: काम माझं आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, न मागता कौतुक व्हावं अशी अपेक्षा होती, आणि नंतर त्याच्या पाठीमागे मी चार जणांकडे बोललो. अशा 40-50 ओळी झाल्या की कोणी न सांगता एक नक्षी दिसू लागते. स्वावलंबी म्हणवणारा हा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत कशावर ना कशावर विसंबलेलाच होता: लोकांच्या मतावर, पदावर, बँकेतल्या आकड्यावर, एखाद्याच्या मूडवर. विसंबावं की नाही हा प्रश्न कधी नव्हताच, कोणावर हाच होता. आजवरचं कोणतंही प्रवचन हे इतक्या स्वस्तात दाखवू शकलेलं नाही.

चौथी पायरी रखडते ती दोन कारणांनी. एक, नीटनेटकेपणाचा सोस. वही सुंदर होते, मजकूर होत नाही. दुसरं, पाचव्या पायरीची धास्ती. यावर एकच उपाय चालतो: वही उघडण्याआधीच पाचवीची तारीख ठरवून टाकायची, साधारण चार आठवडे पुढची.

पाचवीत ही वही ईश्वराला, स्वतःला आणि आणखी एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची. बहुतेकांना तिसरा श्रोता नको असतो. देवाला सगळं ठाऊकच आहे, मग माणूस कशाला? म्हणूनच माणूस हवा. देवापाशी कबुली देताना आपण वाक्यं मऊ करतो आणि समोरून कोणी भुवई उंचावत नाही. जिवंत माणसासमोर मऊ वाक्य अडखळतं. वाचनाला दोन ते पाच तास लागू शकतात, फोन बंद करून सलग वेळ काढावा. एक सावधगिरी महत्त्वाची आहे. ऐकणारा सहसदस्य गुप्तता पाळेल, पण ती नैतिक गुप्तता झाली. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण मिळतं ते इथे धरून चालू नये. वहीत गुन्ह्याची बाब असेल तर ती आधी वकिलाकडे. ऐकायला एएचाच माणूस हवा असंही नाही, धर्मगुरू किंवा डॉक्टर चालतो.

सहावी आणि सातवी, म्हणजे अवगुण सोडायची तयारी आणि ते काढून घेण्याची विनंती, कागदावर दोन ओळींची कामं आहेत आणि प्रत्यक्षात जन्मभर पुरतात. त्यांवर इथे अधिक लिहिण्यासारखं नाही. आठवी-नववीत दुखावलेल्यांची यादी आणि भरपाई. ज्यातून समोरच्याला किंवा तिसऱ्याच कुणाला नवी इजा होईल ती भरपाई करायची नाही, हा अपवाद पायरीतच लिहिलेला आहे. स्वतःचं मन हलकं करायला दुसऱ्याचा संसार हलवणारे लोक नेमका हा भाग वाचत नाहीत.

विसंबण्याची सवय लागते ती दहावी आणि अकरावीत, कारण त्या रोजच्या आहेत. रात्री दहा मिनिटं: आज कुठे स्वार्थ झाला, कुठे खोटं बोललो, कशाचा राग धरला, कशाची भीती वाटली, कुणाची माफी मागायची राहिली. सकाळी दहा मिनिटं: दिवस डोळ्यांसमोर आणायचा आणि जिथे काय करावं ते कळत नाही तिथे थांबायचं. दिवसभरात चित्त बिथरलं की तेवढ्यापुरतं थबकायचं. अकरावीतली अट तर अत्यंत कडक आहे: प्रार्थनेत फक्त ईश्वराची इच्छा कळावी आणि ती पार पाडायची ताकद मिळावी, एवढंच मागायचं. नोकरी नाही, निकाल नाही, अमका माणूस बदलू दे हेही नाही. पहिल्या आठवड्यात ही प्रार्थना अर्ध्या मिनिटात संपते आणि पुढे काय बोलावं सुचत नाही. सगळं मागणं वजा केल्यावर आपल्या प्रार्थनेत किती उरतं, याची ही मोजणी आहे.

प्रसन्नतेची प्रार्थना म्हणून ओळखली जाणारी छोटी प्रार्थना एएने 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला उचलली. तिच्यात तीन मागण्या आहेत: बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती, येतं ते बदलायचं धैर्य आणि फरक कळायची बुद्धी. लोक पहिलीवर थांबतात. मग 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' सुरू होतं: अर्ज भरायचा नाही, डॉक्टरकडे जायचं नाही, आणि याला शरणागती म्हणायचं. यावर कागदावर एक रेघ पुरते. डावीकडे माझं काम, उजवीकडे माझ्या हाताबाहेरचं. मुलाखतीची तयारी, वेळेवर पोचणं, खरं बोलणं हे डावीकडे, निवड उजवीकडे. सोपवायची ती फक्त उजवी बाजू. रेघ चुकीच्या जागी पडते आहे का हे एकट्याला दिसत नाही, त्यासाठी स्पॉन्सर.

स्पॉन्सर म्हणजे आधी याच वाटेने गेलेला सदस्य, जो पायऱ्या करवून घेतो. या सेवेचा दर्जा सगळ्यात जास्त इथे खालीवर होतो. प्रशिक्षण नाही, परीक्षा नाही, वरून देखरेख नाही. निवडताना किमान एक वर्षाची सोबरिटी, म्हणजे न पिता काढलेला काळ, बघावी, त्याने स्वतः बाराही पायऱ्या केल्यात का आणि त्याचा स्वतःचा स्पॉन्सर आहे का हे सरळ विचारावं. ज्याच्याकडे शारीरिक आकर्षण वाटू शकतं असा नको. उसने पैसे, नोकरी, लग्नाचे निर्णय यात तो शिरू लागला तर बदलावा. बदलायला कारण द्यावं लागत नाही. देवावर विसंबायला आलेला माणूस स्पॉन्सरवर विसंबून बसणं ही इथली नेहमीची आडवाट आहे.

खुद्द विल्सनला हे उशिरा कळलं. दारू सुटून 23 वर्षं झाल्यावर, मध्ये बरीच वर्षं नैराश्यात काढून, जानेवारी 1958 मध्ये एएच्या मासिकात त्याने कबूल केलं की आपल्या दुखण्याच्या मुळाशी परावलंबन होतं: मान आणि सुरक्षितता माणसांनी, परिस्थितीने पुरवावी ही जवळजवळ संपूर्ण अपेक्षा. ती तुटेपर्यंत ईश्वरावरचं विसंबणंही कोरडंच राहिलं. संस्थापकाचा हा ताळेबंद नव्या सदस्याला पहिल्याच महिन्यात वाचायला द्यायला हवा, तो सहसा खूप उशिरा हाती येतो.

परिणामाचं बोलायचं तर 2020 मध्ये कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला: 27 अभ्यास, 10,565 सहभागी. बारा पायऱ्यांकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त असलेले सुमारे 42 टक्के, इतर उपचारांत सुमारे 35. हा आकडा दारूचा आहे, श्रद्धेचा नाही. बदल कशामुळे होतो यावरचं संशोधनही भाविकांनी वाचावं असं आहे: मोठा वाटा सोबतीची माणसं बदलण्याचा आणि पिण्याच्या प्रसंगी 'मला नाही म्हणता येईल' हा विश्वास वाढण्याचा, अध्यात्माचा वाटा जास्त गंभीर व्यसन असलेल्यांत ठळक दिसतो. म्हणजे 'माझं काही चालत नाही' असं म्हणायला शिकवणाऱ्या कार्यक्रमातून स्वतःवरचा विश्वास वाढून निघतो. आत शिरताना हे कोणालाच पटत नाही.

तक्रारी आहेत. 'धार्मिक नव्हे, आध्यात्मिक' हा दावा प्रत्येक गटात टिकत नाही. काही ठिकाणी समारोपाची प्रार्थना सरळ ख्रिस्ती असते. 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका संघीय अपील न्यायालयाने कैद्याला अशा कार्यक्रमाची सक्ती करणं घटनाबाह्य ठरवलं, कारण आशय धार्मिक आहे. ते योग्यच झालं, सक्तीची शरणागती ही शरणागती नसते. दुसरी तक्रार जास्त खोल आहे. ज्यांना आयुष्यभर दबूनच राहावं लागलं, त्यांना 'माझं काही चालत नाही' हे औषध म्हणून देणं नेहमी बरोबर ठरत नाही. जीन कर्कपॅट्रिक यांनी 1975 मध्ये स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम उभा केला तो याच मुद्द्यावर. ईश्वर अजिबातच नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी हा पर्याय आहे. स्वतः न पिणाऱ्या पण पिणाऱ्याच्या घरात भरडलेल्या माणसासाठी 1951 पासूनचं अल-अ‍ॅनॉन. दारूचा प्रश्नच नसलेल्या आणि फक्त विसंबायला शिकायचं असलेल्या वाचकाला खरं तर हे अधिक लागू पडेल, कारण तिथे सोडायची बाटली नसून दुसऱ्याला सुधारायचा हट्ट असतो.

एक धोका स्पष्ट लिहायला हवा. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने 'देवावर सोडलं' म्हणून घरी एकट्याने एकदम दारू थांबवू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम, थरकाप आणि तापाची अवस्था, आणि ती जीव घेऊ शकते. हे काम डॉक्टरचं, मीटिंगचं नाही. तसंच मानसिक आजाराची औषधं बंद करायला सांगणारा सदस्य भेटला तर त्याचं ऐकू नये. एएच्या स्वतःच्या पत्रकातही सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असं म्हटलं आहे.

आजमावून बघायचं असेल तर एका मीटिंगवरून मत करू नये. गट एकमेकांहून फार वेगळे असतात, किमान सहा मीटिंगा आणि त्या निदान तीन वेगवेगळ्या गटांत कराव्यात. पहिल्या दिवशी निघताना तीन फोन नंबर घ्यावेत आणि त्यातला पहिला फोन त्याच आठवड्यात, काहीही बिघडलेलं नसताना करावा. दोन मिनिटं पुरतात: नाव सांगायचं, सहज फोन केला म्हणायचं, ठेवून द्यायचा. रात्री अकराला सगळं डोक्यावरून जातं तेव्हा अनोळखी नंबर लावायला हात धजत नाही, एकदा लावलेला नंबर लागतो.